एक्केचाळिसावं कलम

३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

मामांची फाइल मिळाली. उघडली आणि पहिल्याच ओळीला थांबलो. "ज्याला हे यंत्र चालवायचं आहे त्याने आधी बसावं, पाणी प्यावं आणि मग वाचावं." संगणकाच्या प्रोग्रामची सुरुवात अशी कोणी करतं का? पण आपले मामाच ते. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि स्क्रीनवर मात्र समोर बसून दटावतायत.

तुझे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत याचा राग धरू नकोस. डाव्या कानाने कायमची रजा घेतली आहे, आणि उजव्या कानाला फोनमधलं अर्धंच कळतं. म्हणून मेल, पण पत्रासारखी. तूही सवडीने, सविस्तर लिहीत जा.

माझी समजूत बरोबर आहे का बघ. पाणीपुरवठ्याचा सगळा प्रोग्राम मामांनी दोनशे बारा कलमांत लिहिला आहे. प्रत्येक कलमात आधी, हे का करायचं ते साध्या भाषेत, आणि त्याखाली यंत्रासाठी चार-सहा ओळी. त्याच मजकुरातून यंत्र आपल्या ओळी उचलतं, आणि त्याच मजकुराची पानं लावली की माणसासाठी पुस्तक होतं. तुमच्या खात्याला त्यातली फक्त चौसष्ट कलमं छापून हवीत, पंपावरच्या ऑपरेटरांसाठी. बाकीची नकोत.

त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम केला आहे. तुझी यादी त्याला दिली की तो तेवढी कलमं वेचतो आणि पानं लावायला पुढे सरकवतो. गावच्या शाळेत शिकलेल्या छापखानेवाल्याने प्रोग्राम केला म्हणून हसू नकोस. धान्य निवडण्यासारखंच काम आहे, फक्त सुपात खडे नाहीत. जे बाजूला टाकायचं तेही चांगलंच आहे, म्हणून हात जड होतो.

एकच विचारायचं आहे. वेचल्यावर कलमांचे आकडे ३, ७, ८, १५, २१ असे उरतात. मोडक्या कुंपणासारखं दिसतं. एक ते चौसष्ट असे ओळीने लावू का?

मामींना नमस्कार. देव तुम्हा सगळ्यांना सुखी ठेवो.

तुझा दादा

*

६ फेब्रुवारी

दादा,

लाव ओळीने. दिसण्यातलं तुला कळतं, मला विचारू नकोस. आमच्या साहेबांना पानावर काही वेडंवाकडं दिसलं की ते पुस्तक मिटतात आणि मग महिनाभर ते कुणालाही सापडत नाही.

हे काम तुला देताना मला काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही. "आतेभाऊ का? वा वा, घरचंच काम झालं म्हणायचं." मी म्हटलं, साहेब, घरचा आहे म्हणून जास्त काळजीने करेल. तेव्हा माझं नाक तुझ्या हातात आहे, कापू नकोस.

बाबा गेल्यापासून ऑपरेटर मलाच विचारत असतात. त्यात सहा नंबरच्या पंपावर एक जण आहे, त्याला सगळे 'घड्याळ' म्हणतात. चोवीस वर्षांत एकदाही उशीर नाही, आणि बोलणंही टिकटिक केल्यासारखं. पुस्तकाचा हट्ट त्याचाच. मला म्हणाला, "मॅडम, तोंडी सांगितलेलं मला संध्याकाळपर्यंत आठवतं. लिहिलेलं मी मरेपर्यंत पाळतो." बाकीचे तेरा जण पुस्तकावर डबा ठेवतील. हा मात्र शब्दाला शब्द वाचणार.

महिनाअखेर दे. आई म्हणते, तू बारीक झाला असशील. मी म्हटलं, तो कधी जाड होता?

ठकू

*

१९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

सोबत प्रूफ. एकशे चार पानं. अक्षर थोडं मोठं ठेवलं आहे, पंपाच्या खोलीत उजेड बेताचाच असणार.

मामा एका कलमातून दुसऱ्या कलमाकडे माणसाला पाठवत असतात. अमुक झालं तर तमुक कलम पाहा. आकडे बदलल्यावर हे सगळे उल्लेख चुकतील अशी मला धास्ती होती. पण मामांनी आकड्याच्या जागी एक खूण घातली आहे, तिथे नवा आकडा आपोआप येऊन बसतो. पहिले आठ-दहा तपासले, अचूक आहेत. मामा पुढचं किती बघायचे!

तरी तू एकदा नीट वाच. यंत्राचं मला काही कळत नाही.

तुझा दादा

*

२० फेब्रुवारी

दादा,

प्रूफ वाचलं. उत्तम. छाप.

घाईत आहे. 

ठकू

*

१४ मार्च

प्रिय ठकू,

तुझं पत्र आलं नाही म्हणून मीच लिहितो. पुस्तकं पोचली असतील. सगळ्या पंपांवर वाटून झाली का, की काही तुझ्या टेबलावरच आहेत? ऑपरेटर ती वापरू लागले का? म्हणजे नुसती ठेवली आहेत, की एखाद्या वेळी उघडून त्याप्रमाणे करतात?

आणखी एक. मामांनी लिहायला घेतलं तेव्हा त्यांना खुणांची सवय नसेल. तेव्हा त्यांनी काही ठिकाणी खूण न घालता आकडा हातानेच लिहिला असेल का? तुला काही आठवतं? सहज विचारतो आहे.

दुरुस्तीची एखादी चिठ्ठी चिकटवायची झाली तर तुमच्या खात्यात त्याची रीत काय आहे?

दोन दिवस प्रार्थनेला बसतो आणि तोंडाने नाव येत असताना डोक्यात आकडे मोजत राहतो. वय झालं असेल.

तुझा दादा

*

१७ मार्च

दादा,

अरे, पत्र आहे की उलटतपासणी? वाटली सगळी. चौदाच्या चौदा पंपांवर. साहेबांनी चाळून बघितलं आणि म्हणाले, "नात्यातल्या माणसाने काम चांगलं केलं, आश्चर्य आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. दुसऱ्या भागाचं कामही तुलाच देऊ म्हणतायत.

तुझं काय बिनसलंय ते मला कळलं. कौतुकाचं पत्र लिहिलं नाही म्हणून आडून आडून विचारतोयस ना? घे मग. पुस्तक देखणं झालंय. आईने पहिलं पान दोनदा वाचायला लावलं. चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नको चिकटवूस, उगाच चांगल्या पानाला ठिगळ. बाबा कुठे काय हाताने लिहायचे ते मला कसं माहीत असणार?

झोप काढ दोन दिवस.

ठकू

*

२४ मार्च, सकाळ

दादा,

इथे गोंधळ झाला आहे. तुझ्या कामाशी संबंध नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शनिवारी दुपारी घड्याळाने सहा नंबरचा पंप बंद केला आणि तीन तास सुरूच केला नाही. अर्ध्या शहराला पाणी नाही. हॉस्पिटलची टाकी तळाला गेली, तिथले डॉक्टर साहेबांवर ओरडले, साहेब माझ्यावर. मी तिकडे पोचले तर हा स्टुलावर शांत बसलेला, मांडीवर पुस्तक. म्हणाला, "पुस्तक चुकलंय मॅडम. बरोबर काय ते मोठ्या साहेबांच्या मूळ कागदात बघून या, मग चालू करतो."

मोठे साहेब म्हणजे बाबा. बाबांचं पुस्तक चुकलंय म्हणे! मला इतका राग आला. मूळ कागद कसले बघतेय, मी स्वतः टाकी तपासली, ती एव्हाना उतरली होती, आणि पंप सुरू करून घेतला. साहेबांनी त्याला लेखी खुलासा मागितला आहे. दोन एप्रिलला चौकशी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय त्याच्या, आणि साहेबांच्या मनात निलंबन आहे. ते म्हणाले, "माणूस पुस्तकाच्या आड लपतोय." मला विचारलं, पुस्तकात चूक आहे का? मी म्हटलं, नाही. प्रूफ मी तपासलंय, आणि माझा भाऊ चुका करत नाही.

घड्याळाचं वाईट वाटतं. पण असं खोटं का बोलावं त्याने?

ठकू

*

२४ मार्च, दुपार

ठकू,

तो खोटं बोललेला नाही. बसून वाच.

बारा मार्चला बांधणीतून आलेली एक प्रत मी नुसती वाचायला म्हणून घेतली. दहावं कलम: "टाकी भरल्याचा दिवा लागला आणि तरी पंप चालू राहिला, तर पंप हाताने बंद करावा आणि पुढे कलम ४१ प्रमाणे करावं." मामांच्या भाषेची गोडी, म्हणून मी एक्केचाळीस उघडलं. तिथे टाकी धुऊन झाल्यावर पंप परत ऑटोवर कसा टाकायचा ते होतं. मला काही उमगेना. मग मूळ फाइल काढली.

मामांचं एक्केचाळिसावं आपल्या पुस्तकात बारावं झालं आहे. आणि आपलं एक्केचाळिसावं हे मामांचं एकशे सदतिसावं आहे. शंभराव्या कलमापुढे मामांनी उल्लेखांना खुणा घातल्या आहेत. त्याआधी काही ठिकाणी खूण आहे, काही ठिकाणी हाताने लिहिलेला आकडा. मी तपासले ते सगळे खुणेचे निघाले. हाताने लिहिलेले जिथल्या तिथे राहिले आणि भलत्याच कलमांकडे बोट दाखवू लागले. असे सतरा उल्लेख मला सापडले.

बाकीचे सोळा एक वेळ चालतील. हा चालणार नाही. मामांच्या खऱ्या एक्केचाळिसाव्यात काय आहे ते लिहितो. "आधी व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये डोकावून हाक मारावी. खाली माणूस आहे असंच धरून चालावं, नसला तर आपलं काही बिघडत नाही. तो वर आल्यावर निचऱ्याचा व्हॉल्व्ह हाताने हळूहळू उघडावा." आणि टाकी भरलेली असताना पंप ऑटोवर टाकला तर? एकशे सदतिसाव्याच्या ओळी मी मामांच्या खुलाशाशी ताडून पाहिल्या. निचऱ्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. एकदम, पूर्ण. सगळं पाणी चेंबरमध्ये.

बारा तारखेला कळलं, आणि चौदाला मी तुला ते गोल गोल पत्र लिहिलं. सांगायचंच म्हणून बसलो होतो. मग मनात आलं, हिने माझ्यासाठी शब्द टाकलाय. मग मनात आलं, कोण वाचतंय. मग तुझं कौतुकाचं पत्र आलं आणि जीभ आणखी आत गेली. बारा दिवस, ठकू. मी रोज देवासमोर बसत होतो आणि त्याच्यापासूनही लपवत होतो, जणू त्याला वाचता येत नाही.

आधी पुस्तकं गोळा कर. आज, आत्ता. मला काय बोलायचं ते मग बोल.

दादा

*

२९ मार्च

ठकू,

पाच दिवस झाले. "पुस्तकं काढून घेतली" एवढा एका ओळीचा मेसेज आला, त्यानंतर काही नाही. तुझा हक्क आहे.

दुकानात मन लागत नाही. काल एका शाळेच्या निकालपत्रकाची तीन प्रूफं काढली आणि तिन्ही वेळा नुसते आकडेच वाचत बसलो. तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही जेवताय की पोळी मोजताय?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग इथे बसून काय करताय?

तुमच्या साहेबांच्या नावाने मी पत्र लिहिलं आहे. आकडे मी बदलले, मी तपासले नाहीत, कळल्यावर बारा दिवस गप्प बसलो. सही केली आहे. तू हो म्हटलंस की पाठवतो असं लिहिणार होतो. पण तेही माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवणंच झालं. तेव्हा एक तारखेला पत्र मेलने जाईल, तू काहीही म्हटलंस तरी. पत्रात तुझ्या प्रूफाचा उल्लेख केलेला नाही. यंत्रातलं तुला कळतं आणि तरी तुझ्या नजरेतून कसं सुटलं, हे मी विचारणार नाही.

दादा

*

३ एप्रिल

दादा,

"विचारणार नाही" असं लिहिणं म्हणजे विचारणंच. तर सांगते. मी प्रूफ वाचलंच नव्हतं.

पहिलं पान उघडलं, "आधी बसावं, पाणी प्यावं" वाचलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडू फुटलं. मिटून ठेवलं. उद्या वाचू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तुला दोन शब्द लिहिले आणि सही करून टाकली. माणसं त्यावर विसंबून काम करणार आहेत हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुझा राग होता, पण तोंड दाखवायची लाज जास्त होती.

कालची चौकशी सांगते. साहेब, दोन अधिकारी, मी आणि घड्याळ. तुझं पत्र साहेबांच्या पुढ्यात होतं. ते म्हणाले, "छापणाऱ्याची चूक आहे हे दिसतंच आहे. पण ऑपरेटरला पुस्तकातली चूक कळली कशी? हा काय इंजिनिअर आहे?" म्हणजे अजूनही त्याचंच मानगूट धरायचं होतं.

घड्याळ उभा राहिला. म्हणाला, "कळली नाही साहेब. लिहिलं होतं ते करायला मी ऑटोच्या बटणावर बोट ठेवलं होतं. पण मोठे साहेब काय करायचं ते खाली लिहायचे आणि का करायचं ते वर. वर लिहिलं होतं, 'टाकी आता रिकामी आहे, म्हणून.' माझी टाकी तर काठोकाठ. मोठे साहेब माझ्याशी अठरा वर्षं बोलले, न जुळणारं कारण त्यांनी कधी दिलं नाही. मी बोट काढून घेतलं."

साहेब म्हणाले, "आणि तीन तास बसून राहिलास?"

"खरं कारण मिळेपर्यंत बसलो, साहेब. मॅडमना सांगितलं होतं, मूळ कागद बघून या."

मग मी उठले. सांगितलं की प्रूफ न वाचता सही केली, ऑपरेटरने कागद बघायला सांगितले तेही बघितले नाहीत, आणि पुस्तक बरोबर आहे हे साहेबांना मी खोटं सांगितलं.  

त्याचा खुलासा मान्य झाला, निलंबन वगैरे काही नाही. मला उद्यापासून भांडार विभागात टाकलंय, नट-बोल्ट मोजायला. दुसरा भाग आपल्याला नाही, हे सांगायला नकोच. आईला मी नुसतं बदली झाली म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनाही एकदा टाकलं होतं तिथे." का टाकलं होतं ते विचारायचं धाडस झालं नाही.

तेरा पुस्तकं परत आली. घड्याळ त्याचं देत नाही. म्हणतो, छापणाऱ्याला पाठवा, माझ्यासमोर दुरुस्त करू दे.

एक गोष्ट मला पोखरते आहे. शनिवारी त्या वेळी चेंबरमध्ये कुणी होतं का? चौकशीत तो प्रश्न कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. माझ्याच्याने विचारवला नाही, दादा. तू जाशील तेव्हा विचार. आणि जे असेल ते लिही.

ठकू

*

९ एप्रिल

प्रिय ठकू,

काल जाऊन आलो. जे आहे ते लिहितो.

पंपाची खोली तुला माहीत आहे, मी प्रथमच पाहिली. जमीन पुसलेली, तेलाची बुधली फडक्यावर ठेवलेली, खिडकीत एक पाण्याचा तांब्या. घड्याळाने मला स्टूल दिलं आणि आधी पाणी दिलं. मी चिठ्ठ्या छापून नेल्या होत्या, प्रत्येक चुकलेल्या आकड्यावर चिकटवायला एकेक. तो म्हणाला, "तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकतो. पटलं की चिकटवा." मी वाचत गेलो. त्याने प्रत्येक वेळी पान उलटून नवं कलम बघितलं, वरचं कारण ओठांनी पुटपुटलं, मान हलवली, मगच चिठ्ठीवर अंगठा दाबला. माझ्या सतरा झाल्या. तो म्हणाला, "आणखी दोन आहेत," आणि काढून दाखवल्या. मी चार वेळा तपासलं होतं, ठकू.

मग मी विचारलं. पंपाच्या आवाजात दोनदा विचारावं लागलं, आणि उत्तर ऐकायला मी उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"होता," तो म्हणाला. "माझा जोडीदार. जाळी साफ करायला उतरला होता."

मी म्हटलं, मग चौकशीत का नाही बोललात?

"मला विचारलं होतं पंप बंद का ठेवला. तेवढं सांगितलं. मॅडम स्वतःहून उभ्या राहिल्या होत्या. उभ्या राहिलेल्या माणसाला आणखी कशाला धक्का द्यायचा?" मग म्हणाला, "आणि बोट तर मीही ठेवलं होतं बटणावर. खाली हाक न मारता. ते पुस्तकात त्या पानावर नव्हतं म्हणून काय झालं, मला ठाऊक होतं ना."

तेवढ्यात तो जोडीदार बाहेरून आला. साठीच्या आतबाहेरचा, एका गुडघ्याला पट्टा. "पुस्तकवाले का तुम्ही? अक्षर फार छान मोठं आहे हो, मला चष्म्याशिवाय वाचता येतं." त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं.  आकडे, माझे बारा दिवस, सगळं. तुझं नाव घेतलं नाही.

 त्याने माझ्याकडे न बघता घड्याळाला विचारलं, "किती वेळ मिळाला असता रे?"

"चेंबर भरायला दोन मिनिटं," घड्याळ म्हणाला. "पाणी पडतं ते शिडीवरच. तुला नुसती कोरडी शिडी चढायला तीन लागतात."

"गुडघ्यामुळे," तो मला म्हणाला. जणू त्याचीच काही चूक होती.

मी म्हटलं, मला उतरू द्या. दोघंही नको म्हणाले. मी म्हटलं, उतरू द्या. घड्याळाने पंप हाताने बंद केला, व्हॉल्व्हला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात टाकली आणि मग झाकण उघडलं. अठ्ठावीस पायऱ्या आहेत. खाली दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा, भिंती ओल्या, वर पाहिलं की ताटाएवढं आभाळ. मी पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. देवाचं नाव घ्यायचं होतं. घेतलं नाही. आधी त्या माणसाच्या जागी नीट उभं राहावं असं वाटलं.

मग वरून हाक आली. "या आता." आणि मी चढायला लागलो. मला कमी ऐकू येतं म्हणून ते प्रत्येक पायरीला पुन्हा हाक मारत होते, दोघंही.

वर आलो तेव्हा घड्याळ मनगटाकडे बघत होता. मला चार मिनिटं लागली होती.

तुझा दादा